विमानाला हात लावायचा परवाना

८ सप्टेंबर २०२४

आज मी विमानाचं इंजिन उघडं पाहिलं. हेच पहिलं लिहितो, कारण घरी आल्यापासून तिघांनी विचारलं की असा का हसून राहिला, आणि तिघांना मी "काही नाही" सांगून दिलं. कुठे तरी तर सांगायला पाहिजे ना.

हे माझं अकरावीचं फिजिक्सचं जर्नल. दोन प्रॅक्टिकल लिहिली आहेत, बाकी कोरं. मागच्या नोव्हेंबरात शाळा सोडली तेव्हापासून पेटीत पडलं होतं.

तर झालं असं. मी भैरवगढला उस्तादजींच्या कारखान्यात कापडावर ठप्पे मारतो. देवास रोडच्या हवाई पट्टीवर विमान चालवायला शिकवणारी एक कंपनी आहे, त्यांनी विमानं झाकायला कॅनव्हासच्या खोळी करून घेतल्या. त्यावर त्यांचं नाव छापलं ते मीच. आज उस्तादजी आणि मी त्या पोचवायला गेलो. उस्तादजी ऑफिसात बसले, मी खोळी घेऊन हँगरमध्ये. आणि समोर ते. छोटंसं विमान, नाकावरचं झाकण काढलेलं, आत नळ्या, तारा, चार सिलिंडर, सगळं इतकं दाटीनं आणि इतकं नीट, की मी खोळी हातातच धरून उभा राहिलो.

शिडीवर एक मॅडम होत्या. केसांत पेन खोचलेलं, हात कोपरापर्यंत काळे. म्हणाल्या, "ऐ खोळवाले, ये नली कहाँ जा रही है, बता तो।" माझं तोंड नेहमीप्रमाणे शिवलं. पण बोट चाललं. नळीच्या मागे मागे बोट नेत गेलो, इंजिनाच्या खालून पलीकडे, एका डबीपर्यंत. मॅडम हसल्या. "बोलता नहीं, पर देखता ठीक है।"

देखता ठीक है!

चलानावर सही करताना त्यांनी माझं नाव वाचलं आणि एकदम मराठीत आल्या. "पोतनीस? अरे, तुमच्या पूर्वजांनी शिंद्यांचा खजिना सांभाळला, आणि तू माझ्या पान्यावर पाय देऊन उभा आहेस!" खरंच दिला होता. त्या माधव नगरच्याच निघाल्या. निहारिका मॅडम. त्यांच्या सहीशिवाय तिथलं एकही विमान उडू शकत नाही. पायलटचं मन असो, मालकाचं असो. मॅडमनं सही केली तर उडेल, नाही तर उभं राहील.

मला हे करायचं आहे.

९ सप्टेंबर

अमृताताईला सांगितलं. बोलून नाही, चिठ्ठी लिहून चहाच्या कपाखाली ठेवली. ती फ्रीगंजला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते, सगळ्या उज्जैनचे फॉर्म तिच्या हातून जातात. दुपारी फोन आला. "मौनीबाबा, विमान दुरुस्त करायचं आहे तर तोंडानं सांगता येत नाही? आता ऐक, नुसतं ऐक, तुला तेच येतं."

बारावी पाहिजे, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्सनं. मग मान्यता असलेल्या संस्थेत प्रवेश. तिथे डॉक्टरचं सर्टिफिकेट. मग दोन वर्षं शिकायचं, मग कामाचा अनुभव, प्रत्येक कामावर कोणाची तरी सही. मधे सरकारचे पेपर, एक एक विषयाचा वेगळा. ते सगळं पास झालं की लायसन्स. ते पण सगळ्या विमानांचं नाही, ज्या जातीचं शिकला त्याच जातीचं.

ताईला वाटलं मी घाबरेन. मी तर नाचलो. मतलब मनात. एक भिंत असती तर अवघड होतं, या तर पायऱ्या आहेत.

१३ सप्टेंबर

बारावी घरून द्यायच्या ओपन बोर्डाच्या फॉर्मला दहावीची ओरिजनल मार्कशीट लागते, आणि ती शाळेत. गेटापाशी पंधरा मिनिटं उभा राहिलो. ऑफिसात नेमके केमिस्ट्रीचे सर. "अरे! ज़िंदा हो? बोलना शुरू किया कि नहीं?" क्लार्क बाबूजी हसले. मी मार्कशीट घेऊन पळालो.

याच सरांमुळे शाळा सुटली. ज्वालेवर वेगवेगळे क्षार धरायचे आणि रंग सांगायचा असा प्रयोग होता. सरांनी मला पुढे बोलावलं. "कौन सा रंग?" सगळ्या वर्गाला दिसत होतं. मला पण दिसत होतं, पिवळट काही तरी, तिन्ही वेळा तसंच. पण सगळे माझ्याकडे बघून राहिले की माझं डोकं बंद होतं. सरांनी तीनदा विचारलं, मग म्हणाले, जब तक नहीं बोलेगा, खड़ा रह। पूर्ण तास उभा. दुसऱ्या दिवशी पाय शाळेकडे वळलेच नाहीत. आई रडली, बाबा आठवडाभर बोलले नाहीत. मी कोणाला काय सांगणार, साधा रंग सांगता नाही आला लाजेपायी.

जाऊ दे. फॉर्म भरला गेला!

२० ऑक्टोबर

आज घरात सगळे माझ्यावर हसले. आत्याच्या, म्हणजे अक्काच्या, जयूचं डोहाळजेवण आहे. अक्कानं मला हिरव्या बांगड्या आणायला पाठवलं. दुकानात इतक्या बायका की मी दुकानदाराला विचारलंच नाही, ट्रेमधल्या दोन डझन उचलल्या, आलो. अक्कानं पुडी उघडली. "अरे देवा, या काय? चॉकलेटी? डोहाळजेवण आहे का घराला पेंट द्यायचा आहे?" ताई म्हणाली, "लाजून डोळे मिटून घेतले असतील यानं." आईनं स्वतः जाऊन बदलून आणल्या.

मला तर ठीक वाटल्या होत्या. अक्का पण ना.

उद्या कारखान्यानंतर फिजिक्सचा चॅप्टर पाच.

१ डिसेंबर

आता दर रविवारी हँगर. निहारिका मॅडमनं गेटावर सांगून ठेवलं आहे. मला कशाला हात लावता येत नाही, परवानगी नाही, पण बघता येतं आणि त्यांची जुनी पुस्तकं वाचता येतात. त्या काम करता करता विचारतात, मी बोटानं दाखवतो. आज म्हणाल्या, "पोतनीस, सरकारच्या परीक्षेत बोट चालणार नाही." तर मी बोललो! "डावा मॅग्नेटो." दोन शब्द, ठिणगी देणाऱ्या यंत्राचं नाव. त्यांनी शिडीवरून टाळ्या वाजवल्या, मी टायरामागे लपलो.

विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. अंधारात समोरचं विमान येऊन राहिलं की जाऊन राहिलं ते त्यावरून कळतं. मी पाठ करून टाकलं, डावा लाल उजवा हिरवा. नुसतं बघून लक्षात राहात नाही.

मॅडम स्वतः एका पेपरात चार वेळा फेल झाल्या होत्या. आरामात सांगतात. "फेल झालं की परत बसायचं. यात लाजायचं काय?"

१९ जानेवारी २०२५

उस्तादजींना कळलं. ओरडतील वाटलं. त्यांनी तंबाखू थुंकला आणि म्हणाले, "जहाज सुधारेगा? सुधार। पर मेरा ऐसा छापने वाला कहाँ से आएगा?"

हे खरं आहे, घमेंड नाही. आमच्याकडे छापताना रंग दिसतच नाही. लालसाठी तुरटीची खळ, काळ्यासाठी गूळ आणि गंजलेलं लोखंड कुजवलेली खळ. दोन्ही मळकट. कापड भट्टीत उकळलं की मग एकाचा लाल उठतो, दुसऱ्याचा काळा. लोक खळी अदलाबदल करून बसतात. मी नाकानं ओळखतो, एकदा पण चुकलो नाही. फक्त भट्टीवर मला ठेवत नाहीत. एकदा ठेवलं होतं, लाल पूर्ण चढला की हाक मार म्हणून, आणि मी लाजून हाकच मारली नाही. कापड वाया गेलं. तेव्हापासून उस्तादजी म्हणतात, तू ठप्पा मार बेटा, चूल्हे से दूर।

३१ मार्च

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल झालं! याचीच सगळ्यात भीती लागत होती. थेंब थेंब टाकायचे, गुलाबी झालं की थांबायचं. मी थेंब टाकत गेलो, टाकत गेलो. शेजारी एक बाई होत्या, चाळीस वर्षांच्या, नर्सिंगसाठी बारावी करून राहिल्या आहेत. त्या म्हणाल्या, "बस कर भैया, कब का हो गया, तुम तो पूरा शरबत बना दोगे।" मी थांबलो. त्यांचं रीडिंग बघून माझं दुरुस्त केलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी चार प्रश्न विचारले, मी तिनांची उत्तरं दिली, आवाजासकट.

२२ जून

पास! फिजिक्स ७१, मॅथ्स ७८, केमिस्ट्री ५२. बाबांनी मार्कशीट दोनदा वाचली, मग त्यांच्या बँकेत कामावर नेली. काउंटरवरच्या सगळ्यांना दाखवली म्हणे. तेच बाबा, जे माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आईनं श्रीखंड केलं. ताईनं दुकानात बोर्ड लावला, "आज फॉर्म भरना बंद, भाई पास हुआ है।" मालकानं पंधरा मिनिटांत काढायला लावला.

६ जुलै

इंदूरच्या संस्थेत प्रवेश परीक्षा पास झालो. यादीत एकोणिसावं नाव. आता कागद द्यायचे अठ्ठावीस तारखेपर्यंत, त्यात डॉक्टरचं सर्टिफिकेट, ठरलेल्या फॉर्मवर.

बाबा मला माधव नगरला भय्यासाहेबांकडे घेऊन गेले. उज्जैनच्या अर्ध्या मराठी घरांचे डॉक्टर. भय्यासाहेब मला बघून म्हणाले, "अरविंदाचा ना तू? तुझ्या मुंजीत मी जेवलोय, जिलेबी कच्ची होती." बीपी घेतलं, छाती पाहिली, बाबांशी ग्वाल्हेरच्या कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत बोलत फॉर्म भरून टाकला. ऐकणं नॉर्मल, नजर नॉर्मल, रंगदृष्टी नॉर्मल. शिक्का. मला एक शब्द बोलायला लागला नाही. किती चांगले डॉक्टर.

फाइल तयार आहे. आई म्हणते देवाजवळ ठेव, मी उशाशी ठेवली आहे.

२० जुलै

लिहू की नको.

पाऊस होऊन गवत गुडघ्यापर्यंत आलं आहे. विमानाच्या पंखाखाली एक बारीक नळी असते, वेग मोजायची. तिच्यात माशी-माती जाऊ नये म्हणून टोपी घालतात, टोपीला हातभर लांब लाल पट्टी, म्हणजे उडायच्या आधी काढायची राहू नये. आज एका विमानाची टोपी वाऱ्यानं निघून पडली. मॅडम पंखावरून म्हणाल्या, "पोतनीस, उचल रे ती, तुझ्या पायाशीच आहे."

मी पायाशी पाहिलं. गवत. डावीकडे, उजवीकडे. गवत.

"अरे तिथेच. लाल. समोर."

वाकलो, हातानं गवत बाजूला केलं. मला वाटलं मॅडम मस्करी करून राहिल्या आहेत, म्हणून हसलो. त्या हसल्या नाहीत. खाली उतरल्या, माझ्या बुटापासून एक वीत अंतरावरून पट्टी उचलली. उचलल्यावर, आकाशासमोर धरल्यावर, मला दिसली.

त्यांनी ती परत गवतावर ठेवली. "आता?"

पट्टी ठेवताना पाहिली होती म्हणून कळत होतं. डोळे मिटायला सांगून त्यांनी जागा बदलली. डोळे उघडले. गवत.

मॅडमनं पट्टी उचलली, टोपी नळीवर परत बसवली. मग म्हणाल्या, "सर्टिफिकेट कोणी दिलं?"

२२ जुलै

इंदूरला डोळ्यांच्या दवाखान्यात ताई घेऊन गेली. ठिपक्यांचं पुस्तक असतं. ठिपक्यांत आकडा लपलेला. पहिल्या पानावर बारा दिसला. मग पान, पान, पान, नुसते ठिपके. ताई मागे उभी होती, तिला सगळे दिसत होते, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

लाल-हिरवा. जन्मापासून. औषध नाही. डॉक्टर म्हणाल्या, शंभरातल्या सात-आठ मुलांना कमी-जास्त असतं, तुझं जास्तकडे आहे.

बसमध्ये ताई रडली. मला रडू नाही आलं, मी वेगळंच मोजत होतो. बांगड्या. भट्टी. शरबत. आणि ज्वाला. तिन्ही वेळा पिवळट. म्हणजे त्या दिवशी मी लाजत नव्हतोच! सरांनी विचारलं कोणता रंग आणि मला जे दिसत होतं त्याला उत्तरच नव्हतं. पूर्ण तास उभा राहिलो, दीड वर्षावर स्वतःला भित्रा म्हणत राहिलो. बसमध्ये एकदम हसायला आलं. ताईला वाटलं मला धक्का बसला.

२३ जुलै

घरात मीटिंग. खरं तर मी सोडून सगळ्यांची.

बाबा म्हणतात, "कागद हातात आहे. भय्यासाहेबांचा शिक्का आहे. मग आपण होऊन कशाला सांगायचं?" आई म्हणते, "दोन वर्षांत सवय होईल, दिसायला लागेल." ताईनं तर मोबाइलवर ते ठिपक्यांचं पूर्ण पुस्तक शोधून काढलं, उत्तरांसकट. "पाठ कर. हे पान ज्यात कोपऱ्यात मोठा ठिपका आहे ते चौऱ्याहत्तर. पाठांतरात तू उस्ताद आहेस." आणि खरं सांगतो, मी अर्धा तास पाठ केले. सगळे आले. ताईनं पानं उलटसुलट करून विचारले, तरी आले.

किती खूश झालो होतो त्या अर्ध्या तासात.

२४ जुलै

कारखान्यात ठप्पा मारता मारता सारखी ती टोपी डोक्यात. मॅडमना फोन केला. मी! स्वतः नंबर लावला. विचारलं, टोपी तशीच राहिली आणि विमान उडालं तर?

"वेगाचा काटा हलणार नाही. नवीन पायलट असेल तर घाबरेल. वर गेल्यावर घाबरला तर काही पण होऊ शकतं."

मग मी विचारलं, तुम्ही संस्थेत सांगणार का.

"नाही. तुझी फाइल आहे. पण अनय, एक सांगते. तुला लायसन्स मिळालं तर सही करताना मी शेजारी नसेन. तू आणि विमान, बस."

त्यांनी पहिल्यांदा पोतनीस नाही म्हटलं.

रविवारी तिथे एक मुलगी येते शिकायला, माझ्याएवढीच असेल. मागच्या महिन्यात तिनं मला तिच्या डब्यातले पोहे दिले होते, वर मूठभर शेव टाकून. नाव पण विचारलं नाही मी. लाल पट्टी लावलेली टोपी काढली की नाही हे ती बघते, आणि तिच्या आधी सही करणारा बघतो.

२५ जुलै

एकटा भय्यासाहेबांकडे गेलो. बाबांना न सांगता. नंबर लावून बसलो, चौदा पेशंट, चौदा वेळा मनात वाक्य म्हटलं. आत गेलो आणि वेगळंच बोलून गेलो. "भय्यासाहेब, तुम्ही मला तपासलंच नाही."

बाहेर कंपाउंडरनं ऐकलं. भय्यासाहेबांचा चेहरा असा झाला की वाटलं पळावं. "काय म्हणालास?"

मी इंदूरचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा बदलून वाचला. मग परत वाचला. म्हणाले, "वीस वर्षं अरविंदाला ओळखतो. त्याच्या घरात काही असेल असं डोक्यातच आलं नाही." मग एकदम चिडले. "आणि तू गाढवा, त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"मला माहीत नव्हतं."

"मग आता माहीत झालं तर गप बसायचं ना! लोक माझ्याकडे खोटं घ्यायला येतात. परत करायला आलेला तू पहिला." कपाट उघडलं, खालच्या खणातून ठिपक्यांचं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ शर्टानं पुसली. सगळी पानं नीट विचारली. कोपऱ्यातल्या ठिपक्यावरून चौऱ्याहत्तर माझ्या जिभेवर आला होता. म्हटलं, "दिसत नाही."

नवीन फॉर्म भरला. रंगदृष्टी: दोषयुक्त. जुना माझ्यासमोर फाडला, तुकडे खिशात टाकले. जाताना म्हणाले, "बाबांना मी फोन करतो. तू नको करू."

बाबा संध्याकाळी आले, माझ्याकडे पाहिलं, टीव्ही लावला. जेवताना त्यांनी त्यांच्या ताटातला पापड मोडून अर्धा माझ्या ताटात ठेवला.

२८ जुलै

दिली फाइल. खिडकीवरचा माणूस कागद मोजून घेऊन राहिला होता, त्या कागदाशी थांबला. "ये तो रिजेक्ट हो जाएगा। नॉर्मल वाला नहीं है क्या?" मागे रांग होती, तीस-चाळीस मुलं, आईबाप. मी म्हणालो, "था। गलत था।" सगळ्यांना ऐकू गेलं. माझा आवाज एवढा आहे मला माहीत नव्हतं.

आत प्रिन्सिपलकडे नेलं. हवाई दलातून रिटायर झालेले. कागद पाहिला, मला पाहिलं. म्हणाले, नियमानुसार प्रवेश देता येत नाही, तरी मी वर विचारतो, पण आशेवर राहू नको. मग दारापर्यंत सोडायला आले. इतर कोणाला सोडायला आले नव्हते, ताईनं पाहिलं.

मी आशेवर आहे. ते म्हणाले वर विचारतो. वर कोणी तरी असेलच ना समजदार.

१४ ऑगस्ट

नाही.

एक ओळीचा ईमेल. ताईनं दुकानात वाचला, घरी येऊन सांगायला तिला दोन तास लागले.

१७ ऑगस्ट

रविवार. गेलो नाही.

२४ ऑगस्ट

आज पण जाणार नव्हतो. अकरा वाजता उस्तादजी घरी आले! कधी येत नाहीत. आईनं चहा दिला. ते म्हणाले, "बहनजी, इसको ले जाओ यहाँ से। तीन दिन से मेरा कपड़ा ख़राब कर रहा है।" खरंच, या आठवड्यात पहिल्यांदा खळ चुकलो. नाक कामच करत नव्हतं. त्यांनी मला मोटरसायकलवर बसवलं आणि सरळ हवाई पट्टीच्या गेटावर सोडून दिलं. "जा। मैडम का फ़ोन आया था।"

मॅडमनी मला दुकानदारासारखं विचारलं, "बोल, काय काय दिसत नाही? पूर्ण यादी पाहिजे." मी म्हटलं कशाला. त्या म्हणाल्या, "लायसन्स नाही मिळणार, ते झालं. ते मिळतं म्हणून मी तुला खोटी आशा देणार नाही. पण कंपनीला हँगरमध्ये टेक्निशियन ट्रेनी पाहिजे. बारावी सायन्स. कोणाच्या तरी देखरेखीखाली काम, सही त्याची. मॅनेजर साहेबांना मी तुझं सगळं सांगितलं आहे. आता तू सांग."

मॅनेजर साहेबांसमोर मी पाच मिनिटं बोललो. मी. पाच मिनिटं. लाल पट्ट्या मी बघून नाही, हातात घेऊन मोजेन. पंखांचे दिवे मी तपासणार नाही. रंगाच्या खुणेवाल्या तारा मी जोडणार नाही. विमानातल्या बहुतेक तारा तर पांढऱ्याच असतात, त्यांवर नंबर छापलेले, ते मला वाचता येतात. नळ्यांवर रंगाच्या पट्ट्यांबरोबर चित्रं पण असतात. तेल काळं झालं की वासानं कळतं. साहेब म्हणाले, "और कुछ जो नहीं आता?" मी म्हटलं, "गर्दीत बोलता येत नाही." मराठीतच निघून गेलं. मॅडमनी भाषांतर केलं. ते खूप हसले.

एक सप्टेंबरपासून!!

७ सप्टेंबर

आठवडा झाला. पाच दिवस फरशी धुतली, ट्रे धुतले, भाग धुतले. रॉकेलचा वास अंघोळीनंतर पण जात नाही आणि मला जाऊ द्यायचा नाही.

आज स्पार्क प्लग. आठ. काढायचे, साफ करायचे, टोकातली फट मोजायची, परत बसवायचे, ठरलेल्या जोरानं आवळायचे. मॅडम मागे उभ्या. मला दोन तास लागले, त्यांना चाळीस मिनिटं लागतात. त्यांनी तपासले आणि सहावा परत हातात दिला. "फट जास्त." परत केला. परत तपासला. मान हलवली.

मग कामाचा कागद समोर ठेवला. मला वाटत होतं त्यावर एकच सही असते. तर प्रत्येक कामासमोर दोन खाने, म्हणजे चौकोन, आहेत. एक, तपासून मान्य करणाऱ्याचा. त्याच्या आधी एक, काम ज्यानं केलं त्याचा.

"बघतोस काय? भर."

"मी?"

"मग कोणी साफ केले, मी? खोटं लिहायला लावतोस का मला?"

मी पूर्ण नाव लिहिलं. अनय अरविंद पोतनीस. खाना छोटा, नाव शेजारच्या खान्यात शिरलं. मॅडम वैतागल्या, "आता माझी सही कुठे करू, तुझ्या डोक्यावर?" आणि उरलेल्या जागेत तिरकी करून टाकली.

दुपारी ती पोहेवाली मुलगी तेच विमान घेऊन गेली. काढलेल्या टोपी-झाकणांच्या लाल पट्ट्या मी हातात धरून मोजल्या, चार. तिला म्हणालो, "चारही निघाल्या." तिनं तरी स्वतः नळीत डोकावून पाहिलं, मग अंगठा दाखवला. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. सगळे आठ प्लग पेटले.

जेवताना मी घरी सांगायला लागलो. फट कशी मोजायची, सहावा का परत आला, प्लग वरचे आणि खालचे वेगळे का झिजतात. आईची पोळी तव्यावर करपली. ताई म्हणाली, "बाबा, याला थांबवा ना, कान दुखून राहिले." बाबा म्हणाले, "बोलू दे त्याला." मग मला म्हणाले, "सातवा? सातव्याचं काय झालं?"

सातवा ठीक होता. तरी मी तो पण सांगितला.